आधी वजाबाकी, मग कूलर

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्यात फोटो-व्हिडिओ स्टुडिओ, लगीनसराईचे दिवस, रोज तासन्‌तास व्हिडिओ एक्स्पोर्ट. मशीनमध्ये इंटेल कोअर आय५-१२४००एफ, त्याच्या खोक्यात आलेला कंपनीचाच फॅन आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या खणात ठेवलेलं. हिवाळ्यात काहीच तक्रार नव्हती. आता दुपारी एचडब्ल्यूमॉनिटर हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम प्रोसेसरचं तापमान ९६ दाखवतो, एका ओळीत तर १२७ दिसतात, आणि अधूनमधून मशीन फाडकन बंद पडतं. दुकानदार म्हणतो, लिक्विड कूलिंग बसवा. बसवावं का?

बसवू नका, निदान आत्ता तरी. तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत: खोटा आकडा, खरा पण अर्धवट समजलेला आकडा, आणि ज्याचा प्रोसेसरच्या तापण्याशी बहुधा संबंधच नाही असं बंद पडणं. लिक्विड कूलर त्यातल्या एकाच गोष्टीवर काम करेल, आणि तीही त्याच्याशिवाय सुटते.

१२७ चं आधी उरकून टाकू. मदरबोर्डवर तापमान मोजणारी एक चिप असते आणि तिला बऱ्याच सेन्सरच्या जोडण्या दिलेल्या असतात. बोर्ड बनवणारी कंपनी त्यातल्या काही वापरते, काही मोकळ्या सोडते. सॉफ्टवेअरला हे कळत नाही, ते मोकळ्या जोडणीचाही आकडा वाचून तुमच्यापुढे ठेवतं. १२७ हा त्या मोजणीच्या पट्टीवरचा शेवटचा आकडा. सकाळी मशीन थंडगार असताना चालू करा. तेव्हाही तिथे नेमके १२७ असतील तर तिथे काहीही तापलेलं नाही. कधी कधी अशाच ओळीत उणे आकडाही दिसतो, त्याचीही हीच गत.

बघायच्या ओळी मोजक्याच आहेत. त्यासाठी मी एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम सुचवेन. ते फुकट आहे, आणि उघडताना फक्त सेन्सर दाखवण्याचा पर्याय निवडला की बाकीचा पसारा समोर येत नाही. त्यात सीपीयू पॅकेजचं तापमान, सीपीयू पॅकेज पॉवर म्हणजे प्रोसेसर किती वॅट खातोय ते, प्रोसेसरच्या फॅनचा वेग, आणि थर्मल थ्रॉटलिंग म्हणजे तापल्यामुळे वेग कमी करणं, त्याच्या पुढे हो आहे की नाही, एवढं बघा. ग्राफिक्स कार्डाचं तापमान विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही दिसतं, प्रोसेसरचं मात्र तिथे दिसत नाही. कमाल आकड्याच्या रकान्याला फार भाव देऊ नका. एखादा प्रोग्रॅम उघडताना एका सेकंदासाठी गाठलेला उच्चांकही तिथे दिवसभर तसाच बसून राहतो. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन तापमान बघायची सवय अनेकांना असते, पण तिथे प्रोसेसर विश्रांतीच्या अवस्थेत जातच नाही, त्यामुळे तो आकडा विंडोजमधल्या रिकाम्या मशीनपेक्षा जास्तच येतो.

आता ९६. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांची आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो, जळत नाही. मर्यादा प्रत्येक प्रोसेसरची वेगळी असते. एएमडीच्या रायझन ५ ५६०० ची ९० आहे, तर रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेकांची ९५, आणि त्या मालिकेबद्दल एएमडीने उघडच सांगितलंय की जड कामात ९५ वर चालणं हे ठरवूनच केलेलं आहे. म्हणून ‘८० च्या वर धोका’ वगैरे सरसकट वाक्यं ऐकली की मी आधी विचारतो, कोणता प्रोसेसर आणि खोलीत किती तापमान?

खोलीचं तापमान हाच कळीचा मुद्दा आहे आणि तो कुणी मोजत नाही. हवेने थंड होणारं मशीन खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. पाण्याने थंड होणारंही नाही, कारण ते पाणीही शेवटी रेडिएटरमधून याच हवेत उष्णता सोडतं. वॅट तेवढेच, फॅनचा वेग तेवढाच असेल, तर प्रोसेसर खोलीपेक्षा जितके अंश वर राहतो तो फरक जवळपास ठरलेला असतो. समजा डिसेंबरात खोली २६ अंशांवर होती आणि एक्स्पोर्ट चालू असताना प्रोसेसर ७६ वर. फरक ५० चा. मे महिन्यात खोली ४० वर गेली की त्याच मशीनमध्ये, काहीही न बिघडता, प्रोसेसर ९० वर जाणार. विदर्भात बाहेर पारा ४५ च्या घरात असताना पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत ४० सहज होतात.

म्हणून दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि तो कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपाशी, जिथून हवा आत जाते तिथे ठेवा. भिंतीवर टांगू नका. नेहमीचाच एखादा एक्स्पोर्ट अर्धा तास चालू द्या. प्रोसेसरचा आकडा वजा जाळीपाशी असलेला आकडा, आणि शेजारी पॅकेज पॉवर किती वॅट. एवढं वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी मशीन तापतंय असं वाटलं तर याच वजाबाकीशी ताडून बघा. फरक तेवढाच असेल तर ऊन वाढलंय. फरक दहाने वाढला असेल तर आत काहीतरी अडलंय.

मला यापेक्षाही जास्त सांगतो तो तापमान चढण्याचा ढंग. एचडब्ल्यूइन्फोमध्ये त्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की आलेख उघडतो. सिनेबेंच ही प्रोसेसरवर भार टाकणारी चाचणी किंवा तुमचा एक्स्पोर्ट सुरू करा आणि बघा. काम सुरू होताच दोन-चार सेकंदांत आकडा ४५ वरून थेट ९५ च्या पुढे उडाला आणि काम थांबताच तितक्याच झटक्यात खाली आला, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये, म्हणजे फॅनखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या ठोकळ्यात, उतरतच नाहीये. दोघांमध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे, किंवा फॅनची एखादी खुंटी सुटली आहे. पहिल्या झटक्याला ७० पर्यंत जाऊन मग दहा-वीस मिनिटं हळूहळू चढत राहिला, तर हीटसिंक आपलं काम करतोय, पण कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाहीये. अशा वेळी कॅबिनेटची बाजूची पाटी काढून तोच प्रयोग पुन्हा करा. आकडा सात-आठ अंशांनी उतरला तर दोष हवेच्या वाटेत आहे. एक-दोन अंशच उतरला तर पाटी परत लावा आणि हीटसिंककडे वळा. पाटी काढणं ही तपासणी आहे, उपाय नाही. कायम उघडं ठेवलेलं मशीन महिन्याभरात धुळीने भरतं, आणि पुढून मागे वाहणारी हवेची वाटही मोडते.

तुमच्या बाबतीत मी पाटीलाही हात लावायच्या आधी कॅबिनेट त्या खणातून बाहेर काढेन. बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटर टेबलांचा तो खण ज्याने कुणी काढला त्याने मशीन चालू ठेवून कधी हात घालून पाहिलेला नसावा. तीन बाजूंनी बंद, मागे भिंत. मागच्या फॅनने फेकलेली गरम हवा वळून पुढच्या जाळीतून पुन्हा आत जाते. हिशेब साधा आहे: ३०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा जात असेल, तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा साधारण १० अंशांनी गरम असते. तीच हवा पुन्हा आत ओढली की त्यावर आणखी भर पडते. खोलीत ४० आणि खणात ४८, हे मला नवीन नाही. कॅबिनेट जमिनीपासून थोडं उंच, एखाद्या स्टुलावर किंवा लाकडी पाटावर ठेवा. मागे निदान वीतभर जागा सोडा. चालू मशीनवर कापडी किंवा प्लास्टिकचं कव्हर नको, हेही सांगावं लागतं, कारण धुळीपासून जपायचं म्हणून लोक अर्धवट झाकून काम करतात.

आत हवेची वाट पुढून मागे अशी असली पाहिजे. पुढे एक किंवा दोन फॅन आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. फॅन कुठल्या बाजूला फेकतो हे ओळखायचं तर ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. फॅन उलटा बसवलेली मशीन्स माझ्याकडे येत राहतात, त्यात पुढचा आणि मागचा फॅन एकमेकांच्या विरुद्ध दिशेने हवा ढकलत भांडत असतात. हल्ली रंगीत दिव्यांच्या हौसेपायी पुढून अख्खी काच असलेली कॅबिनेट खपतात. तीन फॅन काचेमागे नाचतात आणि हवा येते कडेच्या बोटभर फटीतून. घ्यायचंच असेल तर पुढे जाळी असलेलं घ्या.

यानंतर साफसफाई. तुमच्याकडची धूळ नुसती मातीची नाही. जिनिंगच्या हंगामात हवेत तरंगणारी रुई, उदबत्तीची आणि मच्छर अगरबत्तीची चिकट काजळी यांचा मिळून नमद्यासारखा थर बनतो, आणि तो फॅनच्या पात्यांवर दिसतो त्याहून जास्त फॅनखाली, हीटसिंकच्या पट्ट्यांच्या तोंडाशी साचतो. वरून बघितलं तर हीटसिंक स्वच्छ वाटतो, फॅन काढला की खाली गालिचा. ग्राफिक्स कार्डातही तेच. मशीन बंद करून, वायर काढून, अंगणात किंवा गच्चीवर नेऊन हँड ब्लोअरने वीतभर अंतरावरून थांबून थांबून हवा मारा. मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो नेहमीच्या कितीतरी पट वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. चिकट थर मऊ ब्रशने सोडवा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर नेऊ नका, त्या हवेत पाणी आणि तेलाचे कण असतात. घरचा व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर वीज जमते. एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, जाळीतूनच हवा मारा. त्याचं झाकण उघडायचं नाही. वायर काढल्यानंतरही आतले कपॅसिटर भारलेले असू शकतात.

पेस्ट बदलायची की नाही हे वर सांगितलेल्या आलेखावरून ठरवा, कॅलेंडरवरून नाही. चांगली पेस्ट कित्येक वर्षं टिकते. बदलायची वेळ आलीच तर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पूर्ण पुसा. १२ व्या पिढीचा इंटेल प्रोसेसर चौकोनी नाही, लांबट आहे. त्यामुळे मधोमध ठिपक्याऐवजी लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ बरी. बोटाने लिंपत बसू नका, दाबाने ती आपोआप पसरते. खरी गंमत आहे त्या चार खुंट्यांची. कंपनीच्या फॅनच्या खुंट्या कर्णरेषेत दाबायच्या, आधी एक आणि तिच्या तिरप्या समोरची, मग उरलेल्या दोन. प्रत्येकीचा टक असा आवाज यायला हवा. शेवटी हलकेच ओढून बघा. तीन बसलेल्या आणि चौथी नुसती टेकलेली, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिलाय की एका झटक्यात ९५ गाठणारं मशीन समोर आलं की माझा हात आधी खुंट्यांकडे जातो. एएमडीचं जुन्या एएम४ सॉकेटचं मशीन कुणाकडे असेल तर आणखी एक जपा. थंड मशीनचा हीटसिंक सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. दहा मिनिटं मशीन चालवून पेस्ट कोमट करा, बंद करा, आणि हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून मग उचला.

एवढं करून थर्मामीटरखेरीज खर्च झाला असेल शे-दोनशे रुपये. आता बिनपैशाचा दुसरा उपाय, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही: वॅट कमी करा. आय५-१२४००एफ ची मूळ मर्यादा ६५ वॅटची आहे, आणि टर्बोमध्ये, म्हणजे मूळ वेगाच्या वर धावताना, तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. अनेक मदरबोर्ड ही मर्यादा सुरुवातीपासूनच सैल सोडतात. बायोसमध्ये पॉवर लिमिटचे पीएल१ (सततच्या कामाची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळापुरती मर्यादा) असे दोन आकडे असतात. पीएल१ ६५ वर आणा. लांबलचक एक्स्पोर्टला थोडी मिनिटं जास्त लागतील, पण वॅट उतरले की वजाबाकीतला फरकही त्याच प्रमाणात उतरतो. एएमडीच्या नव्या मशीनवर हेच काम बायोसमधला इको मोड करतो. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल ९९ टक्के करण्याचा एक तोडगा फिरत असतो. त्याने टर्बो बंद होतो आणि तापमान धाडकन उतरतं हे खरं, पण तुमचा प्रोसेसर २.५ गिगाहर्ट्‌झच्या मूळ वेगावर अडकतो. संध्याकाळी वरात निघायच्या आत टीझर द्यायचा असेल तर हा तोडगा परवडणार नाही.

त्याहून मोठा फरक एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये आहे. प्रीमिअर प्रोमध्ये एन्कोडिंग सॉफ्टवेअरवर ठेवलं असेल तर सगळा भार प्रोसेसरवर येतो. हार्डवेअर एन्कोडिंग निवडलं तर ते काम ग्राफिक्स कार्डातला खास त्यासाठीचा भाग करतो, आणि त्यात कार्डही फारसं तापत नाही. तुमच्या प्रोसेसरच्या नावातला एफ म्हणजे त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे हे काम ३०६० वरच जाणार, आणि ते कार्ड त्याला पुरेसं आहे. तेवढ्याच बिटरेटला, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदाला तेवढाच डेटा वापरून, सॉफ्टवेअर एन्कोडिंगची प्रत किंचित सरस असते. बिटरेट थोडा चढा ठेवा, लग्नाच्या व्हिडिओत तो फरक नवरीच्या मामालाही दिसणार नाही.

ग्राफिक्स कार्डाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ३०६० ची वरची मर्यादा ९३ अंशांची आहे, ८० च्या आतबाहेर चालत असेल तर काळजी नको. रिकामं असताना त्याचे फॅन थांबलेले दिसले तर तो बिघाड नसतो. बऱ्याच कार्डांचे फॅन ठरावीक तापमानाखाली मुद्दाम बंद राहतात. पण त्या कार्डाखाली एनव्हीएमई एसएसडी बसवलेला असेल तर त्याचं तापमान क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा. ७० च्या पुढे जात असेल तर तो कॉपी करताना मंदावू शकतो. त्याला मदरबोर्डसोबतची ॲल्युमिनियमची पट्टी लावा, आणि पट्टीखालच्या थर्मल पॅडवरचं पातळ प्लास्टिक सोलून मगच. लग्नांचा साठा ठेवलेली जुनी हार्ड डिस्क मात्र ५० च्या आत असू द्या. तिच्या बाबतीत मी थोडा जास्तच भित्रा आहे, कारण तिथे लोकांचं परत न चित्रित होणारं काम असतं.

आता फाडकन बंद पडण्याचं. ९६ अंशांवर प्रोसेसर मशीन बंद करत नाही. १०० ला तो मंदावतो, आणि मंदावूनही तापमान बरंच पुढे गेलं तरच स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. त्यानंतर चालू करताना बरेच बोर्ड प्रोसेसर जास्त तापल्याचा संदेश दाखवतात. तसा संदेश कधी आला नसेल तर माझा संशय एसएमपीएसवर आहे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ अशी नोंद सापडेल, पण तिचा अर्थ मशीन नीट बंद झालं नाही एवढाच. वीज गेली तरी तीच नोंद, एसएमपीएस बसला तरी तीच.

खात्री करायची युक्ती सोपी आहे. एचडब्ल्यूइन्फोमध्ये लॉगिंग चालू करा, म्हणजे दर दोन सेकंदांचे आकडे फाईलमध्ये जात राहतील. मशीन बंद पडलं की पुन्हा चालू करून त्या फाईलच्या शेवटच्या ओळी वाचा. तिथे प्रोसेसर ८५ आणि कार्ड ७५ असेल तर तापमानाला दोष देण्यात अर्थ नाही. एनव्हीडिया ३०६० साठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. तुमच्यात कितीचा आहे आणि कोणत्या प्रतीचा, ते वरच्या स्टिकरवर बघा. ८० प्लस हा कार्यक्षमतेचा शिक्का असला तरी ती चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते हे लक्षात ठेवा. बंद खणातल्या ४८ अंशांत स्वस्त एसएमपीएस छापील वॅट देईलच असं नाही, आणि आत तो स्वतः तापला तर तोही स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो. दुसरी शक्यता इन्व्हर्टरची. वीज जाऊन इन्व्हर्टर सुरू होण्यात जो क्षण जातो तो मशीनला सोसत नाही. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर तिकडे करा, नाहीतर मशीनला वेगळा छोटा यूपीएस द्या. दुपारी सगळ्या गावाचे कूलर आणि एसी एकदम चालतात तेव्हा व्होल्टेजही खाली येतं, तेही एकदा इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

कूलरवरून आठवलं, खोलीत पाण्याचा कूलर असेल तर तो बिनधास्त वापरा. कोरड्या उन्हाळ्यात तो खोली दहाएक अंशांनी उतरवतो, आणि वर केलेल्या वजाबाकीनुसार प्रोसेसरही तेवढाच उतरतो. फक्त झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या पाण्याचे तुषार आत गेले की हीटसिंकवर आणि बोर्डावर पांढरा क्षार बसतो. खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर खोली दमट होते आणि कूलरचा उपयोग संपतो. एसी असेल तर २६-२७ पुरे. एसीने मशीनमध्ये पाणी धरतं ही भीती निराधार आहे, कारण चालू मशीनचे सगळे भाग खोलीपेक्षा गरमच असतात. रत्नागिरी-मालवणकडे किंवा गोव्यात समुद्राजवळ मशीन असेल तर मात्र प्रश्न वेगळा. तिथे उष्णतेपेक्षा खारी दमट हवा आधी जोडण्या खाते, त्यामुळे रोज थोडा वेळ तरी मशीन चालू ठेवलेलं बरं.

हे सगळं करूनही जून उजाडेपर्यंत फरक ५० च्या वरच राहिला तर कूलर जरूर बदला, पण हवेचाच घ्या. चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा एक फॅन असलेला टॉवर कूलर दोन-अडीच हजारांच्या आसपास मिळतो आणि तुमच्या प्रोसेसरला तो गरजेपेक्षा जास्तच आहे. घेताना दोन गोष्टी विचारा. एक, एलजीए १७०० म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटची पट्टी सोबत आहे का, कारण १२ व्या पिढीपासून इंटेलच्या बोर्डावरची भोकं ७५ ऐवजी ७८ मिलिमीटर अंतरावर आली आणि जुन्या कूलरच्या पट्ट्या त्यात बसत नाहीत. दुसरं, उंची. असे कूलर साधारण १५० ते १६० मिलिमीटर उंच असतात, अरुंद कॅबिनेटची पाटी मग लागत नाही. दुकानात जायच्या आधी पट्टीने मोजून जा.

लिक्विड कूलरमध्ये पंप असतो आणि तो एक दिवस जातो. गेला की मशीन रिकामं असतानाही तापमान चढत राहतं, एक नळी गरम आणि दुसरी थंड लागते, आणि तेव्हा मे महिना असेल तर दोन-तीन दिवस तुमचा स्टुडिओ बंद. हवेच्या कूलरचा फॅन गेला तर कुठल्याही गावात दुसरा मिळतो. दुकानदाराला विचारा, पंपाची वॉरंटी किती, आणि तो कंपनीकडे पाठवला तर तोवर बदली काय देणार?